दहाची सळई, पाच इंचावर

१

शुक्रवारी सकाळी पहिल्याच खड्ड्यात हात घातला आणि भाचीच्या तोंडचं पाणी पळालं.

साइटवर तिला सगळे मॅडम म्हणत. पण या गोष्टीत तिची मावशी येणार आहे आणि मावशी आली की बाकी कोणाचं फारसं चालत नाही, म्हणून आपण हिला भाचीच म्हणू. शाळेची नवी दुमजली इमारत उभी राहायची होती. तिचा नकाशा करणाऱ्या साहेबांच्या वतीने काम तपासायचं, ही भाचीची नोकरी. पायाचे अठरा खड्डे खणून झाले होते, प्रत्येकात सळ्यांची जाळी बांधून झाली होती आणि उद्या सकाळी त्यांवर काँक्रीट पडणार होतं. एकदा ते पडलं की आतलं लोखंड पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ना साहेबांच्या, ना वर बसून पाढे म्हणणाऱ्या मुलांच्या.

जाळीत बाराची सळई हवी होती, दर सहा इंचांवर एक. साइटवर जाडी मिलिमीटरात सांगतात आणि अंतर इंचात. दोन मापांचा हा संसार तिथे कोणाला खटकत नाही. पण भाचीच्या बोटांना जे लागलं ते बाराचं नव्हतं. तिने टेप लावला. दहाची सळई. अंतर पाच इंच.

ती दुसऱ्या खड्ड्याकडे गेली, मग तिसऱ्या. अठराच्या अठरा खड्डे तसेच.

"काय मॅडम, ताप उतरला वाटतं!" ठेकेदार मागे येऊन उभा होता. त्याचा आवाज असा की शेजारी बोलला तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जावा. "जाळ्या कशा काय? तुमच्या चिठ्ठीप्रमाणे बांधून घेतल्यात, तंतोतंत."

"माझ्या चिठ्ठीप्रमाणे? मी चार दिवस अंथरुणात होते."

"अंथरुणात माणूस असतं. चिठ्ठी इथे होती. खिळ्यावर."

पत्र्याच्या ऑफिसात दाराशेजारी एक लांब खिळा होता. दिवसाच्या कामाची चिठ्ठी भाची त्या खिळ्याला टोचून ठेवी. सळ्या कापून बांधणारा फिटर सकाळी येऊन ती काढून नेई. कामाला सुरुवात झाल्यापासून हीच पद्धत. कोणी कोणाशी बोलायची गरजच पडत नसे.

ठेकेदाराने खिशातून चिठ्ठी काढली, पण हातात दिली नाही, लांबूनच दाखवली. मंगळवारची तारीख. 'बाराच्या बदली दहाची सळई, पाच इंचांवर. लांबी पाच फूट आठ इंच.' खाली सही.

सही भाचीची होती. वळण तिचं, शेवटचा झटका तिचा. फक्त ती तिने केलेली नव्हती.

ती ऑफिसात धावली. फाइल उघडली. पायाचा नकाशा जागेवर होता, त्यात बारा आणि सहा ठळक लिहिलेले. पण त्याच्यामागे लावलेली सळ्या कापायची यादी गायब होती.

"साहेब चार वाजता येतायत," दारातून ठेकेदार म्हणाला. "पायातलं लोखंड कोणी कमी केलं ते मी नाही सांगणार. ही चिठ्ठीच सांगेल."

२

भाचीने फोन केला आणि मावशी साडेनऊला आली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टेप, खडू आणि पाण्याची बाटली. तिने तीस वर्षं तंत्रशाळेत इमारतकामाचं गणित शिकवलं होतं. साइटवरच्या निम्म्या माणसांनी तिच्या हातचा मार खाल्ला नव्हता, पण बोलणी पोटभर खाल्ली होती. ती फाटकातून आत आली तशी दोघा-तिघांनी विड्या पाठीमागे लपवल्या.

"आधी मला सांग," खड्ड्याच्या काठावर बसत ती म्हणाली, "यात बिघडलंय काय? बाराला सहा, तर दहाला पाच. किती छान जमतंय!"

"मावशी, आता परीक्षा नको गं घेऊस."

"मला येतं. तुला येतं का ते बघतेय. ताप आलेल्या डोक्याला सांगितलेलं बरं असतं."

भाचीने नाइलाजाने काडी घेतली आणि मातीत दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक लहान. "सळईचा जोर तिच्या रुंदीत नसतो. कापल्यावर जे गोल तोंड दिसतं, त्याच्या क्षेत्रफळात असतो. म्हणून बाराचे बारा धरायचे नाहीत, बारा गुणिले बारा धरायचे. एकशे चव्वेचाळीस. आणि दहाचे शंभर. जोर इतका उतरला, तर सळ्याही तितक्याच जवळ यायला हव्यात. पाच इंच नाही चालत, चारावर आणायला हवं."

"आणि पाचावर ठेवलं तर?"

"सहा हिश्शांतला एक हिस्सा लोखंड कमी. अठराही खड्ड्यांत."

"शाब्बास. म्हणजे आपला माणूस एकतर चोर आहे, नाहीतर गणितात कच्चा." मावशीने गुडघ्यावर हात टेकून उठत ठेकेदाराला हाक मारली. "अहो, इकडे या. तुम्हाला एक विचारायचंय. सोळाची सळई आठ इंचांवर टाकायचीय. सोळा संपल्या. बारा आहेत. किती अंतरावर टाकाल?"

ठेकेदार मोकळेपणाने हसला. "बाई, शाळेला मी लांबूनच नमस्कार केलेला माणूस. मी म्हणेन, राहू दे आठावरच! वरून काँक्रीट पडल्यावर कोण बघायला जातंय?" मग भाचीकडे पाहून त्याने हसू आवरलं. "गंमत केली हो."

"तुमच्या गमती मला पटतात," मावशी म्हणाली. "ती चिठ्ठी जरा बघू."

"चार वाजता साहेबांच्या हातात देईन."

"मी काय खाणार आहे ती? धरा तुम्हीच, मी वाचते." तिने चष्मा वर केला आणि चिठ्ठी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ एका ठिकाणी थांबले, हे भाचीला दिसलं. कुठे थांबले ते मात्र कळलं नाही.

ठेकेदार गेल्यावर भाची म्हणाली, "याचंच काम आहे. बाराच्या सळ्या त्याने बाहेर काढल्या असणार. दहाच्या घालून मोकळा झाला, आणि नाव माझं."

"असेल. मग बाराच्या सळ्या नाहीशा झालेल्या असायला हव्यात, नाही का? चल, विचारू या."

३

स्टोअर सांभाळणाऱ्याला सगळे काटा म्हणत. आलेलं लोखंड वजनकाट्यावर चढवल्याशिवाय तो आत घेत नसे आणि काट्यावरून उतरवल्याशिवाय बाहेर सोडत नसे. मावशीला पाहताच त्याने स्टूल पुसलं.

"बाराच्या? सोमवारीच गेल्या, बाई. सगळ्या. फिटरच्या ताब्यात दिल्या. माझ्याकडे आता बाराचा तुकडाही नाही. दहाच्या मात्र भरपूर होत्या, स्लॅबसाठी आणलेल्या."

"बरं. सोळाची आठ इंचांवर. सोळा नाहीत, बारा आहेत. किती अंतरावर?"

काट्याने डोळे मिटले. "सोळाची सळई मीटरला दीड किलोहून थोडी वरच. बाराची किलोच्या आत. नव्वदाच्या आसपास म्हणा." त्याने हवेतच दोन्ही हात तराजूसारखे वरखाली केले. "साडेचार इंच. लोखंड तेवढ्याच वजनाचं पडायला हवं ना?"

"मंगळवारी ऑफिसात कोण कोण गेलं होतं रे?"

"ठेकेदार दोनदा, फोनला. फिटर सकाळी. दुपारी तुमचा नळीवाला आला होता, साहेबांच्या ऑफिसातला, कॉलमचे नकाशे द्यायला. जेवणाच्या सुट्टीत मी दार ओढून घेतलं होतं, पण कुलूप नाही लावलं." तो भाचीकडे न बघता पुढे म्हणाला, "मॅडमवर आळ येतोय तर मीच सांगतो. मलाही संशय घ्यायचा तर घ्या."

भाचीने मनात घेऊनही टाकला होता. आज तिला पाणी आणून देणाऱ्याच्या हाताचाही संशय येत होता.

लंबू फिटर सळ्या कापायच्या ओट्यावर बसला होता. मान खाली, तोंड बंद.

"बारा कुठे आहेत रे?" मावशीने विचारलं.

"शेडमागे. ताडपत्रीखाली."

भाची दचकली. "म्हणजे इथेच आहेत? चोरीला नाही गेल्या?"

"चोरीला कशाला जातील? सोमवारी सगळ्या कापून ठेवल्या. बुधवारी सकाळी खिळ्यावर ही नवी चिठ्ठी. म्हटलं, बारा दुसरीकडे लागणार असतील." मग तो म्हणाला, "मॅडम, मला खटकलं होतं. दोन बारांच्या जागी तीन दहा पडतात, हे माझ्या हाताला माहीत आहे. चिठ्ठीत तेवढ्या पडत नव्हत्या. पण खाली तुमची सही. मी कागदाशी भांडत नाही."

"फोन करायचा होतास!"

"करायला हवा होता," तो पुटपुटला, आणि पुन्हा ओट्याकडे पाहू लागला.

मावशीने त्यालाही सोळाचा आणि बाराचा प्रश्न घातला. फिटरने बोटं पसरली, मिटली, पसरली. "चार सोळांच्या जागी सात बारा थोड्या कमी पडतील. मी आठवी टाकतो. चार इंच."

शेडमागे ताडपत्री दूर झाली आणि बाराच्या सळ्या निवांत पडलेल्या दिसल्या. एकही गेलेली नव्हती. भाचीला काही सुचेना. चोरीच नव्हती, तर चोर कुठला?

मावशीने टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं. "धर. वाच."

"चार फूट आठ इंच."

"दुसरी?"

"चार आठ. सगळ्या चार आठच दिसतात."

"पाया पाच फुटांचा. दोन्ही कडांना दोन-दोन इंच सोडले की राहिले चार फूट आठ. आणि सळईची दोन्ही टोकं वर वळवायची असतात, सहा-सहा इंच. ते कुठून आणणार?"

भाचीच्या लक्षात आलं. बाराच्या सगळ्या सळ्या एक-एक फूट आखूड कापल्या होत्या. कापलेली सळई काही पुन्हा लांब होत नाही.

"आता चिठ्ठी आठव," मावशी हलकेच म्हणाली. "लांबी पाच फूट आठ. चोरी करणारा सळई बारीक करतो, विरळ करतो. लांब कशाला करेल?"

४

साहेबांचं ऑफिस चौकापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना मावशीने विचारलं, "यादी शनिवारी आली तेव्हा तू पाहिली होतीस ना?"

"पाहिली ना," भाची म्हणाली. ती जरा जास्तच घाईने म्हणाली, आणि मावशी उरलेल्या पायऱ्या चढू लागली.

नकाशे काढणारा कायम खांद्याला लांब नळी अडकवून हिंडे, म्हणून तो नळीवाला. साहेब बाहेर गेले होते. बाईंना पाहून तो खुर्चीवरून उठला तो उभाच राहिला. ऑफिस आरशासारखं लख्ख. भिंतीवर सळ्यांच्या जाडीचा आणि अंतराचा मोठा तक्ता. फडताळात जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या, प्रत्येकीवर लाल शाईने 'रद्द'.

"एकही फाडला नाहीस?" मावशीने कौतुकाने विचारलं.

"तुमचीच शिस्त, बाई. जुना कागद फाडायचा नाही, रद्द लिहून ठेवायचा."

"आठवतंय की तुला. बरं, एक सांग. सोळाची आठ इंचांवर. सोळा नाहीत, बारा आहेत. किती?"

नळीवाल्याची नजर मावशीच्या खांद्यावरून मागे गेली, क्षणभर थांबली, परत आली. "साडेचार, बाई."

"बरोब्बर." मावशीने पिशवी आवरली. "सळ्या कापायच्या यादीची प्रत असेल ना तुझ्याकडे? साइटवरची सापडत नाही."

त्याने ती लगेच काढून दिली, जणू हाताशीच ठेवली होती. स्वच्छ अक्षर, नवाकोरा कागद. भाचीने बोट फिरवत ओळ गाठली: 'बाराची सळई, सहा इंचांवर, लांबी पाच फूट आठ इंच.'

पाच आठ! यादी बरोबर होती. म्हणजे चुकीचं कापलं फिटरने.

जिन्यावर येताच ती म्हणाली, "लंबूच तो. आखूड कापून बसला, घाबरला, यादी पळवली आणि दहाच्या सळ्या घालून वेळ मारून नेली. आणि तोंड वर करून म्हणतो, मी कागदाशी भांडत नाही!"

"त्याने चिठ्ठी लिहिली असती तर अंतर किती लिहिलं असतं?"

"किती म्हणजे... पाचच लिहिलंय ना!"

"दोन बारांच्या जागी तीन दहा. त्याच्या हाताला काय माहीत आहे?"

भाची पायरीवरच थांबली. दोन बारा म्हणजे एका फुटाची जागा. त्या फुटात तीन दहा. अंतर चार इंच. फिटरने चार लिहिलं असतं. काटा असता तर त्याने वजन जुळवलं असतं. तोही चाराच्याच आसपास आला असता. ठेकेदाराला चिठ्ठी लिहायचीच गरज नव्हती, आणि त्याने सळई फूटभर लांब तर मुळीच केली नसती.

"मग राहिलं कोण? नळीवाल्याने तर बरोबर उत्तर दिलं."

"दिलं खरं," मावशी म्हणाली. "पण कोणाकडे बघून दिलं?"

५

चार वाजता पत्र्याच्या ऑफिसात उभं राहायलाही जागा नव्हती. साहेब टेबलापाशी, त्यांच्या मागे नळी घेऊन नळीवाला, दाराशी फिटर आणि काटा. ठेकेदाराने चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली आणि हात बांधून बाजूला झाला.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. "ही सही तुमची आहे?"

"माझ्यासारखी आहे, साहेब. माझी नाही," भाची म्हणाली. "मी असं कधीच लिहिणार नाही. दहा घ्यायच्या तर अंतर चार हवं."

"तसं आता सगळेच म्हणतील. खाली नाव तुमचं आहे. उद्या ही इमारत खचली असती तर मी कोणाला विचारलं असतं?" साहेब ओरडत नव्हते, ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. "दुसरं कोणी लिहिलं असेल तर दाखवा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"साहेब, दोन मिनिटं द्याल?" मावशी कोपऱ्यातल्या सिमेंटच्या पोत्यावर बसली होती. "मला या मुलाला एक गणित घालायचंय. माझा विद्यार्थी आहे."

साहेबांनी कपाळाला आठी घातली, पण मान हलवली.

"काय रे, मगाशी छान सांगितलंस. आता बारासुद्धा संपल्या. सोळाची सळई आठ इंचांवर, आणि हाताशी फक्त दहा. किती?"

नळीवाल्याने मान वर केली. समोर पत्रा होता. पत्र्यावर एक हेल्मेट टांगलेलं आणि एक मोकळा खिळा. त्याची नजर पत्र्यावरून फिरली, काहीच हाती न लागता परत आली.

"सांग, सांग. साधं आहे."

"पाच," तो म्हणाला.

काट्याला राहवेना. "पाच? अरे, तीन! तीन इंच फार तर!"

"सोळाला आठ, तर दहाला पाच," मावशी शांतपणे म्हणाली. "तसंच बाराला सहा, तर दहाला पाच. सरळ त्रैराशिक. वर्गातही तू असाच होतास. उत्तर सुटसुटीत आलं की खूश. तक्त्यासमोर बसलास की कधी चुकत नाहीस. पण मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, या खोलीत तक्ता नव्हता."

"बाई, एवढ्यावरून तुम्ही..." नळीवाला म्हणाला.

"एवढ्यावरून नाही. कॉलमचे नकाशे ठेवायला म्हणून तू फाइल उघडलीस आणि आपलीच यादी तुझ्या नजरेला पडली. लांबी चार फूट आठ. टोकं वळवायची लांबी तू धरलीच नव्हतीस. बाहेर बघतोस तर सगळ्या सळ्या कापून तयार. बारा आता मिळणार नाहीत, दहा भरपूर आहेत. म्हणून तू चिठ्ठी लिहिलीस, आणि लांबी मात्र या वेळी न चुकता पाच आठ घातलीस. बाराच्या यादीतलं चार आठ, यादी चुकलीय हे कळलेल्या माणसालाच बदलावंसं वाटेल. फिटरला ते कळलेलंच नव्हतं. त्याने बाराची एकही सळई खड्ड्यात उतरवून पाहिली नव्हती."

"आमच्याकडची प्रत पाच आठचीच आहे," नळीवाला घाईने म्हणाला. "साहेब, मॅडमनी स्वतः पाहिलीय."

"नवीकोरी आहे ती. मागाहून केलेली. खरी यादी तुझ्या त्या नळीत आहे."

त्याचा हात नळीच्या झाकणावर घट्ट बसला.

"सही काढायला तुला ती लागली असणार. खिडकीच्या काचेवर यादी, यादीवर चिठ्ठी, आणि खालची सही वर गिरवायची. मग ती यादी नाहीशी करायची. दुसऱ्या कोणी चार तुकडे करून टाकले असते." मावशीचा आवाज आता वर्गातल्यासारखा मऊ झाला होता. "पण तू फाडली नसशील. मी तुला फाडायला शिकवलंच नाही."

मग त्याने झाकण उघडलं, नळी तळहातावर आपटली. गुंडाळी झालेला एक कागद बाहेर आला. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'रद्द'.

"गेल्या महिन्यात एक चूक झाली होती," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "साहेब म्हणाले होते, अजून एक झाली तर घरी. मला वाटलं, दहा-पाच म्हणजे बारा-सहाच. कोणाचं काही बिघडणार नाही."

"माझं?" भाचीने विचारलं. "माझं काही बिघडणार नव्हतं?"

त्याने नळीचं झाकण पुन्हा लावलं.

६

मावशीने यादी उलगडली, वाचली आणि तशीच घडी घालून भाचीच्या हातात ठेवली. साहेबांना ती दाखवली नाही.

साहेबांना ती नकोच होती. त्यांनी नळीवाल्याच्या खांद्यावरून नळी काढून घेतली. "सोमवारपासून तू येऊ नकोस. चूक केलीस म्हणून नाही. दुसऱ्याची सही केलीस म्हणून." मग ते भाचीकडे वळले. "उद्याचं काँक्रीट रद्द. तुमच्याबद्दल माझा गैरसमज झाला. विषय संपला."

ठेकेदाराने हात सोडले. दाराशी उभ्या दोघांनी सुस्कारा टाकला. साहेब गाडीच्या किल्ल्या शोधू लागले.

भाचीने घडी उघडली. लांबी, चार फूट आठ इंच. त्याच ओळीच्या उजवीकडे, तिच्याच पेनने, शनिवारच्या तारखेचं 'तपासले'. खाली सही. वळण तिचं, झटका तिचा, आणि ही सही तिने स्वतः केली होती. शनिवारी संध्याकाळी डोकं ठणकत होतं, अंग तापलं होतं, घरी जायची घाई होती. यादी तिने वरून खालपर्यंत नुसती डोळ्यांखालून घातली होती. टेप लावला नव्हता. बेरीज केली नव्हती.

खोट्या सहीतून ती सुटली होती. खरी सही हातात होती, आणि मावशीखेरीज ती कोणी वाचली नव्हती. मावशी पोत्यावर बसून पिशवीचा बंद बांधत होती. इतका वेळ कोणी बंद बांधत नाही.

"साहेब," भाची म्हणाली. "विषय संपला नाही."

तिने कागद टेबलावर पसरून ठेवला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "यादी त्याने चुकवली. पण तपासले असं मी लिहिलंय. मी तपासली नव्हती. तेव्हाच तपासली असती तर सळ्या आखूड कापल्या गेल्या नसत्या, आणि त्याला चिठ्ठी लिहावी लागली नसती. लंबूला खटकलं तरी त्याने माझ्या सहीवर विश्वास ठेवला. तो विश्वास ठेवण्यासारखी मी शनिवारी नव्हते."

साहेबांनी कागद जवळ ओढला. बराच वेळ ते तो वाचत राहिले. वाचण्यासारख्या ओळी त्यात चारच होत्या.

"चुका मला रोज सापडतात," शेवटी ते म्हणाले. "सापडायच्या आधी कोणी आणून दिलेली ही पहिलीच." त्यांनी यादी फाइलमध्ये, तिच्या जागेवर लावली. "ही इथेच राहील. तुमच्या सहीसकट. उद्या सातला टेप घेऊन या. अठरा खड्डे, एक-एक सळई. आणि तपासले लिहाल तेव्हा तपासलेलं असू द्या."

"असेल, साहेब."

परतताना फाटकापाशी भाचीने विचारलं, "तू कागद लपवला असतास, मी गप्प बसले असते तर?"

"मी कुठे लपवला? तुझ्या हातात तर दिला." मावशी थोडं चालल्यावर म्हणाली, "माझंही एक राहिलंय. त्या मुलाला मी सरळ त्रैराशिकात दरवेळी पैकीच्या पैकी दिले. ते कुठे चालत नाही, हे त्याच्याकडून एकदाही करून घेतलं नाही. सोमवारी त्याच्या घरी जाणार आहे. वही घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लंबू फिटर सवयीने ऑफिसच्या दाराशी आला आणि खिळ्याकडे बघत उभा राहिला. खिळा मोकळा होता. भाची खड्ड्यात उतरली होती, हातात टेप, बाही मातीने माखलेली.

"मॅडम, चिठ्ठी?"

"इकडे या. तोंडी सांगते, मग लिहून देते. दहाच्याच सळ्या ठेवायच्या, पण प्रत्येक खड्ड्यात आडव्या आणि उभ्या, दोन्ही सळ्यांची संख्या वाढवायची. अंतर किती?"

"दोन बारांच्या जागी तीन. म्हणजे चार," फिटर म्हणाला. "बरोबर ना?"

"बरोबर वाटतंय. थांबा, मोजून सांगते."

तिने टेप लावला. फिटरला पहिल्यांदाच हसू फुटलं. तो वळला, ऑफिसच्या दाराशी गेला, आणि कमरेची पक्कड काढून त्याने तो लांब खिळा पत्र्यातून उपटून काढला.